यीस्टची पावडर घ्यायची की नाही? विंझरच्या पावसाळी शेडचा हिशोब

बॉयलर पोल्ट्री सुरू करायची म्हटलं की पिल्लं यायच्या आधीच कोणीतरी पावडरचे डबे पुढे करतं. त्यात एक डबा यीस्ट प्रोबायोटिकचा असतोच. "इम्युनिटी वाढते, मर कमी होते," असं सांगतात. अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यात पैसे जातात, म्हणून आज नीट समजून घ्या.

समजा तुमचं शेड विंझरला आहे, नसरापूरहून वेल्ह्याला जाताना मार्गासनीच्या पुढे. भाताचा पट्टा, त्यामुळे गादीला तूस जवळच मिळतं. पण जुलैत १००० पिल्लांची बॅच टाकलीत तर तेच तूस दमट हवेत ओलं होतं. मग अमोनिया, ई-कोलाय, कॉक्सी सगळेच हजर!

आता यीस्ट काय करतं? पाव फुगवणारी बुरशी आणि ही एकाच घराण्यातली. कोंबडीच्या प्रतिकारशक्तीचा मोठा भाग आतड्यात असतो, आणि यीस्टचं कामही तिथेच. यीस्टच्या पेशीच्या सालीत मॅनन आणि बीटा-ग्लुकन असतं. ई-कोलाय, साल्मोनेला हे जंतू आतड्यावरच्या एका साखरेला धरून चिकटतात. मॅननमध्ये तीच साखर असते, म्हणून त्यातले काही मॅननलाच चिकटतात आणि विष्ठेवाटे बाहेर पडतात. बीटा-ग्लुकनमुळे शरीराला वाटतं बुरशी आत शिरली, आणि जंतू गिळणाऱ्या पेशी जाग्या होतात.

प्रयोगांत काही ठिकाणी रानीखेतच्या लसीनंतर अँटिबॉडी जास्त दिसल्या, काही ठिकाणी फरकच पडला नाही. पक्ष्यांवर ताण असतो तिथे फायदा जास्त दिसतो, स्वच्छ कोरड्या शेडमध्ये कमी.

पण पावडर आहे म्हणून लस चुकवू नका. गंबोरो हा आजार शेपटीखाली, गुदद्वाराच्या वर असलेल्या बर्सा नावाच्या छोट्या पिशवीवरच घाला घालतो. अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी तिथेच तयार होतात. ('बी' पेशींतला 'बी' या बर्सावरूनच आला.) तो कारखानाच बसला, तर डबाभर यीस्ट ओतून काय होणार?

घेताना विचारा: यीस्ट जिवंत आहे की नुसती साल? साधं जिवंत यीस्ट पेलेट बनवतानाच्या उष्णतेत मरतं, क्लोरीनच्या पाण्यातही टिकत नाही. साल टिकते. अँटिबायोटिक चालू असेल तरी यीस्ट मरत नाही, कारण ती बुरशी आहे, बॅक्टेरिया नाही. बाकी वाढीसाठी अँटिबायोटिक द्यायचे दिवस संपत आलेत. युरोपने २००६ पासून ते बंद केलं, आपल्याकडे कोलिस्टिनवर २०१९ मध्ये बंदी आली.

आता हिशोब. आकडे समजण्यापुरते धरलेत, तुमचे भाव टाका. २.२ किलोचा पक्षी, एफसीआर १.६, म्हणजे पक्ष्यामागे साधारण साडेतीन किलो खाद्य. १००० पक्ष्यांना साडेतीन टन. टनाला १ किलो पावडर, किलोला ४०० रुपये, तर खर्च १४०० रुपये. खाद्य ४० रुपये किलो धरलं तर बिल १,४०,००० रुपये. म्हणजे खाद्यात १ टक्का वाचला तरच पावडरचे पैसे निघाले. नाहीतर सात-आठ पक्षी जास्त जगले पाहिजेत.

एवढा बारीक फरक डोळ्यांना दिसत नाही. म्हणून शेडमध्ये मधोमध जाळी लावा, दोन्हीकडे ५००-५०० पिल्लं. एकाच हॅचरीची, एकच लस, सारखीच कोरडी गादी. एका बाजूला पावडर. दर आठवड्याला प्रत्येक बाजूचे ५० पक्षी तोला, मर आणि खाद्य वहीत लिहा. एका बॅचवर भरवसा ठेवू नका, निदान दोन-तीन बॅच करा, त्यातली एक पावसाळ्यातली.

आणि हो, कंपनीच्या करारावर पिल्लं घेतली असतील तर हा प्रयोग सुपरवायझरला विचारल्याशिवाय नको. पिल्लं आणि खाद्य त्यांचं असतं, आणि परस्पर काही मिसळलंत तर पैसे कापायला कारण मिळतं.