गादी मिळाली, राज्य मिळवायचे होते

१२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यात शाहू महाराजांना राज्याभिषेक झाला. अष्टप्रधान नेमले गेले, पेशवेपदाची वस्त्रे बहिरोपंत पिंगळ्यांना आणि सेनापतिपदाची धनाजी जाधवांना मिळाली. मात्र त्या दिवशी नव्या छत्रपतींच्या हाती काय होते, याचा हिशेब मांडला तर वजाबाकीच अधिक निघते. पन्हाळा काकू ताराबाईंकडे. कोकणचा किनारा कान्होजी आंग्र्यांकडे, आणि कान्होजी ताराबाईंच्या बाजूचे. आई येसूबाई मोगलांकडे ओलीस. खजिना जवळपास नाहीच. फौज होती, पण ती सरदारांची. आणि ज्या सेनापतीच्या बळावर हा दिवस उजाडला, ते तीन महिन्यांपूर्वी समोरच्या फळीत उभे होते.

शाळेतल्या इतिहासात शाहू-ताराबाई वाद खेडच्या लढाईपाशी संपतो. खरे तर तो तिथे नीटसा सुरूही झाला नव्हता. त्याचा शेवट व्हायला आणखी २३ वर्षे लागली.

दोन्ही बाजूंना हक्क होता

संभाजी महाराजांच्या हत्येनंतर १६८९ मध्ये रायगड पडला आणि सात वर्षांचे शाहू आईसह मोगलांच्या कैदेत गेले. येसूबाईंच्याच सल्ल्याने राजाराम महाराज त्याआधी गडाबाहेर पडले होते; पुढे जिंजीहून त्यांनी राज्य जिवंत ठेवले. १७०० मध्ये सिंहगडावर त्यांचा मृत्यू झाल्यावर ताराबाईंनी आपल्या लहान मुलाला, शिवाजीला, गादीवर बसवून सात वर्षे औरंगजेबाशी झुंज दिली. संभाजींचे राज्य बुडाले, हे राज्य माझ्या पतीने नव्याने मिळवले, तेव्हा ते माझ्या मुलाचे, असा त्यांचा दावा होता. शाहूंचा दावा थोरल्या पातीच्या वारसाचा. एका बाजूला रक्त, दुसऱ्या बाजूला घाम. निकाल देणारे न्यायालय कुठेच नव्हते.

मार्च १७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरजवळ मरण पावला. उत्तरेकडे निघालेल्या त्याच्या मुलाने, आझमशहाने, मे महिन्यात भोपाळजवळच्या दोराह्यावर शाहूंना जाऊ दिले. मोगल सरदार झुल्फिकारखानाचा सल्ला तसाच होता. मराठ्यांत दुफळी माजली तर पाठीमागची चिंता मिटेल, हा त्यातला हिशेब. शाहूंच्या सुटकेमागे दया कमी आणि मोगलांची सोय जास्त होती.

आधी ओळख, मग लढाई

अठराएक वर्षे मोगलांच्या छावणीत वाढलेला हा पंचविशीतला तरुण खरोखरच संभाजींचा मुलगा आहे का? ताराबाईंनी तो तोतया असल्याचे जाहीर केले. हा आरोप फार नेमका होता. शाहूंच्या साऱ्या दाव्याचा पाया जन्म हाच; तो खोटा ठरला की बाकी काही खोडायची गरजच नव्हती.

म्हणून पहिली गरज होती ती साक्षीदारांची. खानदेशात परसोजी भोसले येऊन मिळाले आणि त्यांनी शाहूंबरोबर एका ताटात भोजन करून शंका मिटवली, असे परंपरा सांगते. नेमाजी शिंदे, हैबतराव निंबाळकर असे लोक जोडले गेले. खंडो बल्लाळ चिटणिसांनीही शाहूंच्या खरेपणाची ग्वाही दिली. १२ ऑक्टोबर १७०७ रोजी भीमेकाठी खेडला दोन्ही सैन्ये समोरासमोर आली, तेव्हा धनाजी जाधव आतून फिरलेले होते. त्यांच्या पदरचे श्रीवर्धनकर कारकून बाळाजी विश्वनाथ भट यांचा या वाटाघाटींत मोठा हात होता. ताराबाईंचे प्रतिनिधी परशुराम त्रिंबक साताऱ्याकडे निघून गेले.

साताऱ्याचा किल्लाही तोफांनी पडला नाही. किल्लेदार शेख मिरा वाईचा. शाहूंनी वाईत त्याचे कुटुंब ताब्यात घेतले आणि गड दिला नाहीस तर त्यांना तोफेच्या तोंडी देऊ, असा निरोप धाडला. किल्लेदाराने आत असलेल्या प्रतिनिधींनाच कैद केले आणि दरवाजे उघडले. शांत, क्षमाशील राजा म्हणून शाहूंची जी प्रतिमा रूढ आहे, तिच्यात ही धमकी बसत नाही; पण ती वगळून साताऱ्याची हकीकत सांगता येत नाही.

शत्रूच्या घरात आपला माणूस

धमकीपाठोपाठ त्यांनी काय केले, हे मात्र जास्त महत्त्वाचे आहे. शेख मिऱ्याचे घराणे त्यांनी चालवले. भोरचे सचिव शंकराजी नारायण ताराबाईंना शब्द देऊन बसले होते. शाहू जवळ येऊ लागताच शब्द मोडण्यापेक्षा त्यांनी मृत्यू पत्करला. त्यांचा मुलगा नारो शंकर अगदी लहान. शाहूंनी सचिवपद त्याच मुलाकडे ठेवले. साताऱ्याला येताना वाटेत पारद गावाने त्यांना अडवले होते. झटापटीत पाटील मारला गेला आणि त्याच्या बायकोने आपले मूल शाहूंच्या पायांशी घातले. ते मूल फत्तेसिंह या नावाने राजवाड्यात वाढले आणि अक्कलकोटच्या भोसले घराण्याचा मूळ पुरुष ठरले.

परशुराम त्रिंबकांची कथा सर्वांत बोलकी. बराच काळ ते कैदेत होते. खटावच्या कृष्णरावाने बंड केले, तेव्हा त्यांचा धाकटा मुलगा श्रीपतराव शाहूंच्या बाजूने लढला. त्या पराक्रमाच्या बदल्यात १७१३ च्या सुमारास वडिलांची सुटका झाली आणि प्रतिनिधिपदही परत मिळाले. थोरला मुलगा कृष्णाजी मात्र ताराबाईंकडे राहिला. विशाळगडच्या प्रतिनिधींची शाखा त्याची. एका घरातले दोन भाऊ दोन दरबारांत. कुणीही जिंको, घर बुडू नये, ही तरतूद तेव्हा अनेकांनी केली होती. शाहूंनी तिच्यावर रागावण्याऐवजी तिचा उपयोग करून घेतला.

हे सारे केवळ मन मोठे म्हणून घडले, असे मला वाटत नाही. पदे काढून घ्यावीत इतके बळ नव्हते, नवी माणसे पोसावीत इतका पैसा नव्हता. मग असलेली पदे, असलेल्या माणसांना, पण आपल्या शिक्क्याने द्यायची. शाहू गेले तर आपली सनदही गेली, हे ज्याच्या त्याच्या लक्षात आले म्हणजे पुरे.

सेनापती गेला, कारकून उरला

हे धोरण सरळ रेषेत यशस्वी झाले नाही. १७०८ मध्येच धनाजी वारले. त्यांचा मुलगा चंद्रसेन सेनापती झाला, पण बाळाजी विश्वनाथांचे वाढते वजन त्याला सहन झाले नाही. १७११ मध्ये भांडण शिकारीतल्या एका हरणावरून पेटले. बाळाजींनी पांडवगडाचा आसरा घेतला, शाहूंनी हैबतरावांना मदतीला पाठवले आणि चंद्रसेन ताराबाईंकडे, पुढे निजामाकडे गेला. दमाजी थोराताने तर बाळाजींनाच कैद केले. खंडणी भरून त्यांना सोडवावे लागले.

१७१३ मध्ये पेशवे बहिरोपंत कान्होजी आंग्र्यांवर चालून गेले आणि त्यांच्याच कैदेत पडले. तेव्हा बाळाजींनी पेशवेपद घेऊन बोलणी केली. १७१४ च्या तहाने कान्होजींनी शाहूंना छत्रपती मानले, बहिरोपंत सुटले. बदल्यात सरखेलपद आणि कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग यांसारखे किल्ले कान्होजींकडे कायम झाले. म्हणजे जे त्यांचेच होते, तेच त्यांना दिले. पण आता ते शाहूंकडून मिळालेले होते. त्याच वर्षी पन्हाळ्यावर ताराबाईंची सवत राजसबाई यांनी आपल्या मुलाला, संभाजीला, गादीवर बसवून ताराबाईंना व त्यांच्या मुलाला कैदेत टाकले. प्रतिपक्षाचा कणाच मोडला.

दिल्लीचा कागद

एक दार अजून उघडे होते. १७०९ मध्ये शाहूंनी बहादूरशहाकडे सनद मागितली, तेव्हा झुल्फिकारखान शाहूंच्या आणि वजीर मुनीमखान ताराबाईंच्या बाजूने उभा राहिला. बादशहाने आधी आपसात निकाल लावा, असे सांगून दोघांनाही टांगते ठेवले. दक्षिणेच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी कुणी वसूल करायची, हे ठरेपर्यंत प्रत्येक मोगल सुभेदाराला दोन मराठा राजे सोयीचेच होते.

हे दार १७१९ मध्ये बंद झाले. दक्षिणेचा सुभेदार सय्यद हुसेन अली याला दिल्लीत फौज हवी होती. बाळाजी विश्वनाथ ती घेऊन गेले. बादशहा फर्रुखसियर पदच्युत झाला, त्या धामधुमीत दिल्लीच्या रस्त्यांवर सुमारे दीड हजार मराठे कापले गेले. पण मार्चमध्ये स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या आणि येसूबाई तीस वर्षांनी परतल्या. अटी होत्या: बादशहाच्या चाकरीला १५,००० स्वार आणि वर्षाला १० लाख रुपये पेशकश. आजोबांनी ज्या सत्तेविरुद्ध राज्याभिषेक केला, तिचा कागद नातवाला लागला.

मिळालेल्या चौथाईची वाटणी पाहण्यासारखी आहे. शंभरातले २५ राजाची बाबती, ६ सचिवाची साहोत्रा, ३ नाडगौंडा राजाच्या मर्जीने, उरलेले ६६ सरदारांचा मोकासा. एकेका सरदाराचे हक्क वेगवेगळ्या मुलखांत विखुरलेले. त्यामुळे कुणालाही दुसऱ्यावाचून वसुली पुरी करता येत नव्हती, आणि हा गुंता सोडवायला पेशव्यांचे दफ्तर लागत होते.

निजामाने १७२७ मध्ये पुन्हा जुनीच खपली काढली: खरा छत्रपती कोण ते ठरेपर्यंत चौथाई देणार नाही. पालखेडला बाळाजींचे पुत्र पेशवे बाजीराव यांनी त्याचे उत्तर दिले. १३ एप्रिल १७३१ च्या वारणेच्या तहाने पन्हाळ्याच्या संभाजीचे कोल्हापूरचे राज्य वेगळे मान्य झाले, तेव्हा कुठे वाद निकालात निघाला. तोवर तो उघडा ठेवण्यात कुणाचाच फायदा उरला नव्हता.

हिशेबाची दुसरी बाजू

हा वाद चालू असतानाच, १७१५ च्या सुमारास, कोल्हापूरच्या पक्षाचे रामचंद्रपंत अमात्य 'आज्ञापत्र' लिहीत होते. वतनदार म्हणजे राज्याचे वाटेकरीच, त्यांना जपून वागवावे आणि आटोक्यातही ठेवावे, हा त्यांचा इशारा. शिवाजी महाराजांनी रोख पगारावर भर दिला होता. जिंजीच्या संकटात राजाराम महाराजांना, आणि खुद्द रामचंद्रपंतांनाही, वतनांचे आमिष दाखवावे लागले होते. शाहूंनी ती आपत्कालीन सोयच राज्याची घडी म्हणून बसवली. अन्यथा त्यांची गादी टिकलीही नसती. मात्र तिला खांदा देणारे वाढत गेले, तसतसा तिचा भारही त्यांच्याच हाती गेला. १७४९ मध्ये ते निपुत्रिक वारले आणि पुढच्याच वर्षी सांगोल्याला त्यांच्यानंतर गादीवर आलेल्या रामराजांनी कारभार पेशव्यांवर सोपवला.

पेशवाई बुडाल्यावर, १८२० मध्ये इंग्रजांनी साताऱ्याच्या सहा जहागीरदारांशी करार केले. त्यांत भोरचे सचिव, औंधचे प्रतिनिधी, अक्कलकोटचे भोसले आणि वाईचे शेख मिरा होते: एक विरोधकाचे पोर, एक कैदी, एक मारल्या गेलेल्या पाटलाचा मुलगा, एक धमकावलेला किल्लेदार, यांची घराणी. सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले. भोर, औंध आणि अक्कलकोट ही संस्थाने त्यानंतरही शंभर वर्षे, १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत चालली. शाहूंनी सत्ता पक्की करायला जी माणसे बांधली, त्यांची घरे खुद्द गादीपेक्षा पक्की निघाली. वादातून आलेल्या राजाला सत्ता वाटल्याशिवाय मिळत नाही, आणि वाटलेली सत्ता पुढच्या पिढीला परत मागता येत नाही. शाहूंच्या यशात आणि त्यांच्या वारसांच्या दुबळेपणात हा एकच व्यवहार दिसतो.