हुआउत्लाच्या डोंगरातून काचेच्या बरणीत

मागच्या काही दिवसांत आमच्याकडे तरुण मित्रांनी एकाच प्रकारचे व्हिडिओ पाठवले. काचेची बरणी, तिच्यात साखरेचे पाणी आणि पाण्यात तरंगणारे कापसासारखे पांढरे तंतू. यालाच ‘लिक्विड कल्चर’ म्हणतात. बुरशीचे जाळे द्रव अन्नात वाढवायचे आणि पुढे त्याचे बियाणे करायचे. धिंगरी अळिंबी पिकवणारेही हेच करतात. पण या व्हिडिओंतली अळिंबी ‘मॅजिक मशरूम’ होती, आणि प्रश्न असा होता की हे घरी केले तर काय बिघडते?

कायद्याचे उत्तर सरळ आहे. या अळिंबीतली सायलोसायबिन आणि सायलोसिन ही दोन्ही द्रव्ये १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या यादीत आहेत. या कायद्याखाली वस्तीतला पोरगा आत गेला की जामिनासाठी घरच्यांची काय वणवण होते, हे कार्यकर्त्यांना सांगायला नको. राहिले पाचवे शील. हे नशा नसून ध्यानाला मदत आहे, असा युक्तिवाद पाश्चात्य देशांतले काही बौद्ध करतात. आम्हाला ती पळवाट वाटते.

पण एवढ्यावर विषय संपत नाही. ही अळिंबी त्या बरणीत आली कशी, हे आपल्या तरुणांनी समजून घ्यायला हवे.

मेक्सिकोच्या ओआहाका राज्यात हुआउत्ला नावाचे डोंगरी गाव आहे. तिथल्या मासातेक या आदिवासी समाजात मारिया साबिना नावाची एक उपचार करणारी बाई होती. कुणी आजारी पडले की रात्री अंधारात बसून, ही अळिंबी खाऊन आणि गाणी म्हणून ती आजाराचे कारण शोधायची. अळिंबीला ते लोक पवित्र बाळे म्हणत. मौजेसाठी ती कुणी खात नसे. आम्ही बौद्ध आहोत, अशा उपचारावर आमचा विश्वास नाही. पण ज्या गावात डॉक्टर नव्हता, तिथल्या गरिबांकडे तेवढेच होते.

१९५५ च्या जून महिन्यात गॉर्डन वॉसन हा न्यूयॉर्कच्या एका मोठ्या बँकेचा उपाध्यक्ष तिथे पोचला. त्याने गावातल्या एका अधिकाऱ्याला गाठून मारियाकडे शब्द टाकायला लावला. मुलाची काळजी वाटते, असे कारण त्याने दिले होते. अधिकाऱ्याने सांगितल्यावर नाही कसे म्हणणार, असे मारियाने पुढे सांगितले. हे वाक्य आपल्याकडच्या कुठल्याही गावकुसाबाहेरच्या म्हातारीच्या तोंडी शोभेल. १९५७ च्या मे महिन्यात ‘लाइफ’ मासिकात वॉसनचा सचित्र लेख आला. त्यात त्याने तिचे नाव बदलले होते, पण गाव शोधायला लोकांना वेळ लागला नाही.

दरम्यान १९५६ च्या त्याच्या मोहिमेत एक रसायनशास्त्रज्ञ सामील झाला होता. त्याच्यामागे अमेरिकेच्या सीआयएचा पैसा होता. मन ताब्यात घेणारे औषध त्यांना हवे होते. पॅरिसमध्ये रॉजर हाइम या बुरशीतज्ज्ञाने ही अळिंबी प्रयोगशाळेत वाढवून दाखवली. मुख्य वळण हेच. डोंगर, पाऊस आणि मासातेक माणूस यांच्यावाचून ती कुठेही उगवू शकते, हे सिद्ध झाले. हाइमने पुरवलेल्या मालातून स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीतल्या अल्बर्ट हॉफमन यांनी १९५८ मध्ये सायलोसायबिन वेगळे काढले. १९६२ मध्ये ते स्वतः हुआउत्लाला गेले आणि मारियाला गोळ्या दिल्या. गोळ्यांत तीच शक्ती आहे, असे तिने सांगितले. थोडक्यात, कंपनीचा माल तपासून दिला तोही तिनेच.

गावाच्या पदरात काय पडले? अनुभव घ्यायला आलेल्या परदेशी तरुणांच्या झुंडी आणि त्यांच्यामागून पोलीस. संतापलेल्या गावकऱ्यांनी मारियालाच दोष दिला. तिचे घर जाळले गेले. परके आले तेव्हापासून बाळांची शक्ती गेली, असे ती म्हणे. १९८५ मध्ये ती गरिबीतच वारली.

आज हवा पुन्हा बदलली आहे. साध्या औषधांनी न हटणाऱ्या नैराश्यावर सायलोसायबिनच्या चाचण्या चालू आहेत. ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून मान्यताप्राप्त मानसोपचारतज्ज्ञ अशा रुग्णांना ते देऊ शकतात. तिथे मात्रा मोजलेली असते, शेजारी प्रशिक्षित माणूस असतो आणि स्वतःला किंवा घरात कुणाला स्किझोफ्रेनियासारखा आजार असेल तर सहसा चाचणीत घेतच नाहीत. बरणीतल्या मालाला यातले काहीच लागू नाही. व्हिडिओ करणारे हे सांगत नाहीत.

२०१९ च्या अखेरीस एका ब्रिटिश कंपनीला या उपचारावर अमेरिकेत पेटंट मिळाले. पेटंट अळिंबीवर नाही, प्रयोगशाळेत बनवलेल्या विशिष्ट स्फटिकरूपाच्या वापरावर आहे. त्यामुळे कायद्याच्या भाषेत ही चोरी ठरत नाही.

हळदीचे प्रकरण अनेकांना आठवत असेल. जखमेवर हळद लावण्याचे अमेरिकन पेटंट १९९५ मध्ये दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने जुने ग्रंथ आणि छापील कागद पुढे ठेवून १९९७ मध्ये ते रद्द करून घेतले. मासातेकांची विद्या तोंडी होती. मारियाची हकीकत तिच्याच समाजातल्या आल्वारो एस्त्रादा यांनी ऐकून लिहून काढली आणि १९७७ मध्ये पुस्तकरूपाने आणली. तिला स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हते.