चातुर्मासापूर्वीची एक दुरुस्ती : भिंत आणि फरशीमधील फट

चातुर्मास जवळ आला की लातूर-नांदेडकडील जैन घरांतून धान्य निवडले जाते, मसाल्यांचे डबे उन्हात ठेवले जातात, पाणी गाळण्याचे वस्त्र बदलले जाते. या तयारीत एक जागा मात्र बहुधा राहून जाते. ती म्हणजे भिंत आणि फरशी जेथे मिळतात, तेथील फट.

मराठवाड्यातील काळी जमीन उन्हाळ्यात आक्रसते आणि पावसाळ्यात फुगते. तिच्यावर टाकलेली फरशी थोडी खचते, भिंत मात्र आपल्या पायावर उभी राहते. त्यामुळे कडेला फट पडते. दुकानामागे घर असेल तर तूर, हरभऱ्याचे चार दाणे, साखरेचे कण त्या फटीत जातात. पाऊस पडताच ओल येते आणि मुंग्या, सोंडे, झुरळे तेथे वस्ती करतात. पुढे औषध फवारण्याची वेळ येते. जीव उत्पन्न होण्यास जागाच न देणे, हा जयणेचा सरळ मार्ग आहे.

पूर्वी माळवदाच्या घरांत भिंतीच्या पायथ्याशी मातीचा लेप चढवून गेरूचा पट्टा ओढला जाई. आज त्याच जागी साधारण चार इंच उंचीची पट्टी बसते. तिला स्कर्टिंग म्हणतात. फरशीच्या पट्टीसाठी गवंडी लागतो. पीव्हीसीची पट्टी मात्र घरच्या मंडळींना बसवता येते. ती ओलीने फुगत नाही आणि तिला वाळवी लागत नाही. लाकडाच्या भुशाच्या पट्ट्या दिसायला सुबक असतात. पण ओलसर भिंतीस त्या योग्य नाहीत.

खरेदीपूर्वी हिशेब करावा. खोली बारा बाय दहा फूट असेल तर चारी भिंतींची लांबी 44 फूट होते. तीन फुटांचे दार वजा जाता 41 फूट उरतात. कापण्यातील तूट म्हणून दहा टक्के धरल्यास सुमारे 45 फूट माल लागतो. पट्टी आठ फुटांची असेल, तर सहा पट्ट्या पुरतात.

काम दिवसाच्या उजेडात करावे, म्हणजे सूक्ष्म जीव दिसतात. आधी फट पुंजणीने किंवा मऊ कुंच्याने हळुवार झाडावी. मुंग्या असतील तर तेथील अन्नकण काढून दोन-तीन दिवस थांबावे. त्या आपोआप वाट बदलतात. फट सिमेंटने भरू नये. जमीन फुगली की कडक सिमेंट तडकते. लवचीक सीलंट वापरावे आणि शेवटचा हातभर भाग मोकळा ठेवून, आत काही हालचाल नाही याची खात्री झाल्यावरच तो बंद करावा.

पट्टी भिंतीला चिकटवावी, फरशीला नव्हे. फरशी हलली तरी पट्टी जागेवर राहते. भिंतीवरील सुटा रंग आणि धूळ आधी खरवडून काढावी. कोपऱ्यात दोन्ही पट्ट्या 45 अंशांत कापाव्या लागतात. त्यासाठी खाचा असलेली साधी पेटी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. जुन्या घरांचे कोपरे क्वचितच काटकोनात असतात. म्हणून आधी दोन लहान तुकडे कापून जुळवून पाहावेत. सुरुवात आतल्या कोपऱ्यापासून करून दारापाशी संपवावी.

चिकटवण्याचा पदार्थही पाहून घ्यावा. सुतारकामातील जुना सरस जनावरांची हाडे व कातडे उकळून केला जातो. कृत्रिम गोंद हा त्याला निर्दोष पर्याय आहे. रंगाचा कुंचाही डुकराच्या केसांचा नसून कृत्रिम धाग्यांचा आहे, हे दुकानदाराला विचारून घ्यावे.

एक सावधगिरी मात्र हवी. भिंतीला लोणा लागला असेल, पापुद्रे सुटत असतील, तर पट्टीने तो दोष फक्त झाकला जातो आणि ओल आत वाढत राहते. अशा भिंतीची गळती किंवा नळ आधी दुरुस्त करावा, भिंत पूर्ण वाळू द्यावी, मगच पट्टी लावावी.

पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर एकदा सगळ्या कडा पुन्हा पाहाव्यात. केसाएवढी चीर दिसली तरी त्याच दिवशी, ती रिकामी असतानाच, बंद करावी.