फटफटी दिसत का नाही? चारचाकीवाल्यांचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

मार्चच्या अखेरीस मोहफुलं गळू लागली की चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातले रस्ते भल्या पहाटे जागे होतात. मे महिन्यात तेंदूपत्ता, पावसाळ्यात धानाची रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी, आणि बाराही महिने कोळसा खाणींतल्या, वीज केंद्रातल्या, सिमेंट कारखान्यांतल्या पाळ्या. या सगळ्या कामांवर माणसं जातात ती बहुतेक दुचाकीवरून. आतल्या गावांत एसटी मोजक्या वेळीच येते, त्यामुळे दवाखाना असो, बाजार असो की तहसील कचेरी, फटफटी हीच घरची गाडी. पुढे बाप, मागे आई, मध्ये लेकरू आणि हँडलला पिशवी. महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेला आणि चैत्रात महाकालीच्या यात्रेला जाणारी अर्धी वाट अशाच दुचाकींनी भरलेली असते.

याच रस्त्यांवर चारचाकी वाढल्या. त्यांच्या चालकांच्या डोक्यात दुचाकीबद्दल काही समजुती पक्क्या बसल्या आहेत आणि त्या समजुती माणसं मारतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती, म्हणजे शंभरातली चव्वेचाळीस-पंचेचाळीस.

“मी नीट बघितलं होतं, तो तिथे नव्हताच”

हा सगळ्यांत खोल रुतलेला गैरसमज. अपघातानंतर चालक हे सांगतो तेव्हा तो बहुधा खोटं बोलत नसतो. त्याने मान वळवलेली असते, रस्ता त्याला मोकळा दिसलेला असतो, आणि तरीही दुचाकी तिथेच असते.

आपली नजर एका वेळी फार थोडा भाग स्पष्ट पाहते. बाकीचं चित्र मेंदू अंदाजाने पुरं करतो. मान झटकन उजवीकडून डावीकडे फिरवली की डोळे सलग फिरत नाहीत, ते उड्या मारत जातात आणि प्रत्येक उडीच्या क्षणी दिसणं जवळजवळ बंद असतं. दोन उड्यांच्या मधल्या जागेत ट्रक मावत नाही, दुचाकी मावते. त्यात चालकाचा मेंदू मोठ्या गाडीच्या शोधात असतो. चिचपल्लीच्या किंवा केळझरच्या फाट्यावरून चंद्रपूर-मूल रस्त्याला लागताना आपण कोळशाचा ट्रक, एसटी, ट्रॅक्टर शोधतो. ते नाहीत असं दिसलं की पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर जातो.

अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या दुचाकी अपघातांचा घटनास्थळी जाऊन अभ्यास केला. त्यांचा अहवाल १९८१ मध्ये आला. दुसऱ्या वाहनाशी झालेल्या अपघातांपैकी सुमारे दोन तृतीयांशांत समोरच्या वाहनाने दुचाकीचा जाण्याचा हक्क डावलला होता, आणि दुचाकी रहदारीत ओळखूच न येणं हे मोठं कारण निघालं. आपल्याकडची रहदारी वेगळी आहे, पण डोळा आणि मेंदू तेच आहेत.

गाडीचा स्वतःचाही यात वाटा असतो. समोरच्या काचेच्या दोन्ही कडांना छत पेलणारे जे खांब असतात, त्यांतला उजवा चालकाच्या अगदी जवळ येतो. नव्या गाड्यांत मजबुतीसाठी हे खांब जाड झाले आहेत. तीस-चाळीस मीटरवरची दुचाकी त्यामागे सहज लपते. आपली गाडी पुढे सरकत असताना दुचाकीही आडव्या रस्त्याने त्याच प्रमाणात सरकत असेल, तर ती शेवटपर्यंत खांबामागेच राहते. “एकदम कुठून आला, कळलंच नाही” हे वाक्य इथूनच येतं. तो एकदम आलेला नसतो, बराच वेळ येतच असतो.

यावरचा उपाय शिकायला फार वेळ लागत नाही. फाट्यावर गाडी पूर्ण थांबवा. नजर फिरवताना दोन-तीन जागी टेकवा: लांब, मध्ये, जवळ. पाठ सीटवरून उचलून थोडं पुढे वाका, म्हणजे खांबामागचा भाग उघडा पडेल. मग पुन्हा एकदा बघा, आणि या वेळी मनात शब्द ठेवा: दुचाकी. आपण जे शोधतो ते दिसण्याची शक्यता वाढते.

“लांब आहे अजून, तेवढ्यात मी निघून जातो”

येणारी वस्तू किती वेळात पोचेल याचा अंदाज मेंदू तिच्या आकारावरून आणि तो आकार किती भराभर वाढतो त्यावरून बांधतो. ट्रक दुरूनही मोठा दिसतो, म्हणून तो लवकर पोचेल असं वाटतं. दुचाकी त्याच अंतरावर, त्याच वेगाने येत असली तरी ती सावकाश येतेय असा भास होतो. शंभर मीटरवरची, ताशी ६० किलोमीटर वेगाची दुचाकी सहा सेकंदांत तुमच्यापाशी असते. उभी गाडी, त्यात पाच माणसं आणि सामान, पहिल्या गिअरमध्ये उचलून उजवीकडे वळवून पलीकडच्या लेनमध्ये न्यायला चार-पाच सेकंद जातात. उरलेल्या एका सेकंदावर कुणाचा जीव टांगायचा नसतो.

रात्री हा अंदाज आणखी फसतो. कारचे दोन दिवे जवळ येताना एकमेकांपासून दूर सरकतात, त्यावरून अंतर कळतं. एकट्या दिव्याला ती खूण नाही. उलट बाजूनेही घोटाळा होतो: एकच दिवा दिसला म्हणून दुचाकी समजून बाजूने जावं, तर एक दिवा गेलेला ट्रॅक्टर किंवा पिकअप निघतो.

“दुचाकी छोटी आहे, ती पटकन थांबते आणि कुठूनही निघते”

कोरड्या, स्वच्छ डांबरावर, चांगल्या टायरवर, सराईत हातात दुचाकी थांबते. पण आपले रस्ते तसे किती असतात? रोवणीच्या दिवसांत बांधीतून निघालेले ट्रॅक्टर चिखल थेट डांबरावर आणतात. हंगामात कडेला धान वाळत घातलेलं असतं, तणस पसरलेलं असतं. घुग्घुस, बल्लारपूर, दुर्गापूर भागात कोळशाची बारीक भुकटी रस्त्यावर बसते आणि पहिल्या पावसात तिचा निसरडा लेप होतो. आलापल्ली-सिरोंचा रस्त्यावर सागाची ओली पानं. कारच्या चार चाकांना यातलं काही फारसं जाणवत नाही. दुचाकीचं पुढचं चाक घसरलं की माणूस खाली.

ब्रेकच्या बाबतीतही समजूत तपासायला हवी. १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना चाक जाम होऊ न देणारं एबीएस सक्तीचं झालं ते एप्रिल २०१९ पासून. त्या नियमात त्याहून लहान गाड्यांना पुढचा-मागचा ब्रेक एकत्र लागणारी सीबीएस व्यवस्था पुरेशी धरली गेली. या दोन जिल्ह्यांत धावणाऱ्या दुचाकी बहुतांशी १००-११० सीसीच्या, आणि त्यांत त्याआधीच्या जुन्या पुष्कळ. म्हणजे तुम्ही समोर आडवे आलात की त्या माणसाजवळ चाक न अडखळता थांबण्याची सोय बहुधा नाही, आणि मागे बायको-लेकरू असेल तर जोरात ब्रेक दाबण्याचीही मुभा नाही.

तरीही त्याने साइडपट्टीवर उतरावं आणि आपल्याला वाट द्यावी, ही अपेक्षा मागून हॉर्न वाजवणाऱ्या प्रत्येकाची असते. साइडपट्टी डांबरापेक्षा बोट-दोन बोटं, कधी वीतभर खाली असते. तिथे मुरूम, गिट्टी, गवत. कारचं एक चाक खाली उतरलं तर गचका बसतो. दुचाकीचं उतरलं तर हँडल हातातून जातं. तो मध्येच उजवीकडे सरकतो तेव्हा त्याला तुमची वाट अडवायची नसते, समोर खड्डा असतो, जड ट्रकांनी पाडलेली चाकोरी असते किंवा गुरं असतात. जंगलातून जाणाऱ्या पट्ट्यात आणखी एक कारण आहे. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या भागांत वाघ आणि बिबट्याशी गाठ पडणं हा रोजच्या जगण्याचा भाग आहे. झुडुपं रस्त्याला लागून असतील तर संध्याकाळी दुचाकीवाला कडा सोडून चालतो, आणि त्यात तो बरोबर आहे. चारचाकीच्या काचा बंद असतात, त्याला काचाच नसतात.

म्हणून ओव्हरटेक करताना त्याच्यासाठी अख्ख्या गाडीएवढी जागा सोडा. लेन बदलून जा, खेटून कट मारू नका. वळणावर, चढावर आणि अरुंद पुलावर ओव्हरटेक करायला कायद्यानेच मनाई आहे. समोरून दुचाकी येत असताना “तो घेईल साइड” असं धरून लेन ओलांडणं तर सरळ जिवावर उठणं आहे. कार समोर असती तर आपण थांबलो असतो, एवढं प्रत्येकाला मनातून ठाऊक असतं.

मोहर्लीकडच्या रस्त्यावर वाघ दिसला, निदान दिसल्यासारखा वाटला, म्हणून गाडी रस्त्यात उभी करणारे पाहुणे कमी नाहीत. मागच्या दुचाकीवाल्याला तुमच्या ब्रेकचं कारण कळत नाही, आणि थांबल्यावर तो उघड्यावर असतो. थांबू नका.

“दिवसा दिवा लावून फिरतो, विसरला वाटतं”

अजूनही लोक हाताची बोटं मिटून-उघडून दुचाकीवाल्याला दिवा बंद करायला खुणावतात. १ एप्रिल २०१७ पासून देशात बनणाऱ्या दुचाकींचा दिवा इंजिन सुरू असेपर्यंत आपोआप चालूच राहतो. तो तुमच्यासाठी लावलेला आहे, दुचाकी तुम्हाला दिसावी म्हणून.

रात्रीच्या दिव्याचं मात्र उलट. “अपर लावला की मला लांबचं दिसतं” हे खरं आहे, पण समोरच्याला काहीच दिसत नाही. हेल्मेटच्या ओरखडलेल्या काचेवर तो झोत फुटतो आणि पुढचे काही सेकंद तो माणूस आंधळा चालतो. समोर दिवा दिसताच डिपर द्या, आणि डिपरवर असताना वेगही कमी करा. डिपरचा उपयोगी उजेड साधारण ४०-५० मीटर. ताशी ८० च्या वेगात, पाय ब्रेकवर जाण्याचा वेळ धरून, कोरड्या रस्त्यावरही कार थांबायला सुमारे ७० मीटर लागतात. म्हणजे धानाच्या भाऱ्यामागे लाल दिवा झाकलेली दुचाकी दिसेल तेव्हा वेळ गेलेली असेल. ताशी ६० ला हेच अंतर ४५ मीटरच्या आसपास येतं. हा हिशेब चालकाच्या कौशल्याने बदलत नाही.

“हेल्मेट नव्हतं म्हणून गेला”

२०२२ मध्ये हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण देशात दगावले. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो, असं जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो. तेव्हा हेल्मेट घालायलाच हवं, मागच्यानेही. पण हेल्मेट टक्कर झाल्यानंतर कामाला येतं. टक्कर कुणामुळे झाली, याचं उत्तर त्यात नाही. दुचाकीवाल्यांच्या चुका खऱ्या आहेत: ट्रिपल सीट, कानाला मोबाइल, उलट्या बाजूने येणं. मात्र समोरचा चुकतोय हे दिसल्यावर वेग वाढवायचा हक्क कुणालाच मिळत नाही.

टक्कर कुणामुळे होते याचं शहरातलं उदाहरण म्हणजे गाडीचं दार. चंद्रपुरात जटपुरा गेटपासून गांधी चौकापर्यंत कडेला गाडी लावून धाडकन दार उघडणारे पावलापावलाला दिसतात. आपल्याकडे चालकाचं दार रहदारीच्या बाजूला उघडतं. ते डाव्या हाताने उघडायची सवय लावा. खांदा आपोआप उजवीकडे वळतो आणि मागून येणारा दिसतो.

“मी स्वतः वर्षानुवर्षं फटफटी चालवली, मला सांगू नका”

हे म्हणणाऱ्यांजवळ खरोखर एक बळ आहे. इटलीतल्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं की दुचाकीचा परवाना असलेले कारचालक कार-दुचाकी टकरींना कमी वेळा जबाबदार असतात. त्यांना दुचाकी कुठे असू शकते, ती कशी वळेल, हे अंगात भिनलेलं असतं. एमएच ३४ आणि एमएच ३३ च्या, म्हणजे या दोन जिल्ह्यांतल्या, बहुतेक कारमालकांनी आयुष्याची सुरुवात दुचाकीवरच केली. एसी लावून काचा चढवल्यावर ती जाण विझू देऊ नये, एवढंच त्यांच्याकडून मागणं आहे.

“थांबलो तर आपणच अडकू”

शेवटचा गैरसमज अपघातानंतरचा, आणि जंगलातल्या रस्त्यावर तोच सर्वांत महाग पडतो. इथे पुढची गाडी यायला वेळ लागतो, दवाखाना लांब असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ ने जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे, आणि २९ सप्टेंबर २०२० च्या नियमांनुसार त्याला स्वतःचं नाव-पत्ता सांगण्याची सक्ती पोलीस किंवा दवाखाना करू शकत नाही. स्वतःच्या गाडीने अपघात झाला असेल तर जखमीला उपचार मिळवून देणं हे चालकाचं कायदेशीर कर्तव्य आहे. जमाव अंगावर येत असेल तर कायदा ती अडचण मान्य करतो, पण तेव्हाही २४ तासांच्या आत पोलीस ठाण्यात कळवणं बंधनकारक आहे. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता देण्याची केंद्राची योजना लागू आहे, त्यामुळे “पैसे कोण भरणार” म्हणून पुढे निघून जाण्याचं कारण उरलेलं नाही.

जखमीला पाणी पाजू नका. श्वास चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नका. मागून येणाऱ्यांना दिसेल अशी गाडी कडेला लावून दिवे लुकलुकत ठेवा आणि १०८ ला फोन करा. रेंज नसेल तर दुसऱ्या गाडीवाल्याला रेंज मिळेपर्यंत पुढे पाठवा. जागेचं नाव सांगता येत नसेल, तर जवळच्या किलोमीटरच्या दगडावर गावाचं नाव आणि आकडा असतो, तो वाचून दाखवा.