वाऱ्यावर सोडलेला गळ
वऱ्हाडातलं पाणी आणि मासे : भाग ७

मागच्या भागात आपण जाळ्यांबद्दल बोललो. आज एकच दोर, एकच गळ, त्याला टोचलेली एक जिवंत मासळी आणि इंजिन नसलेली, वारा नेईल तिकडे सरकणारी कयाक.

मूळ ही पद्धत वाहत्या पाण्याची. प्रवाहाबरोबर होडी वाहते, होडीबरोबर आमिष, आणि खाली दबा धरून बसलेल्या शिकारी माशासमोरून ते आपसूक जातं. पण आपल्या पूर्णा, पेढी, मोर्णा वर्षातले काही महिनेच धडपणे वाहतात. बारमाही पाणी आहे ते धरणांत : मोर्शीजवळ सिंभोऱ्याचं अप्पर वर्धा, म्हणजे नल-दमयंती सागर, महानचं काटेपूर्णा, सातपुड्याच्या पायथ्याचा वान प्रकल्प. धरणाच्या पाण्याला प्रवाह नसतो, वारा मात्र असतो. हिवाळ्यात सकाळी पाणी निपचित पडलेलं असतं, ऊन चढू लागलं की त्यावर बारीक सुरकुत्या उठतात आणि होडी हळूहळू सरकू लागते. तिथून पुढचे दोन-तीन तास या मासेमारीचे. सिंभोऱ्याच्या काठावर एका भोई काकांनी मला पहिला धडा दिला तो एवढाच : "हवा कोनीकडून येते थे पाहा आधी, मंग गय सोडा."

अडचण अशी की वारा पाण्यापेक्षा होडीला जास्त ढकलतो, कारण होडी आणि माणूस पाण्याच्या वर असतात. होडी पळू लागली की गळाची मासळी फरफटते, वर येते, गोल फिरत राहते आणि थोड्याच वेळात मरते. तशा मासळीकडे शिकारी मासा क्वचितच फिरकतो. तेव्हा या पद्धतीतलं खरं कसब गळ टाकण्यात नाही, होडीचा वेग मासळीच्या वेगावर आणण्यात आहे. भोयांचा डोंगा आणि कयाक इथे एकाच कुळातल्या वाटतात. दोन्ही अरुंद, पाण्याला टेकून बसणाऱ्या, म्हणून वाऱ्याला कमी सापडणाऱ्या, आवाज न करणाऱ्या. उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांनी कयाक सीलच्या कातड्याने मढवली ती शिकारीसाठीच, सावजाला चाहूल लागू नये म्हणून.

तरीही वारा वाढला की लगाम लागतो. त्यासाठी कापडी छत्रीसारखी पिशवी मिळते. ती पाण्यात फुगून राहते आणि होडीला मागे ओढून धरते. नाही मिळाली तर दोरीला बांधलेली बादलीही ते काम करते. मात्र ही दोरी नेहमी होडीच्या टोकाला बांधायची, मधल्या काठाला कधीच नाही. मध्ये बांधलेली दोरी कशात अडकली आणि त्याच वेळी झोत आला तर कयाक कलंडायला क्षणही लागत नाही. माणूस संथ चालतो त्याहूनही कमी वेग असला की समजावं, जमलं.

मासळी टोचायची ती ओठांतून, नाकाच्या बाजूने. म्हणजे तिचं तोंड ओढीच्या दिशेने राहतं, कल्ल्यांतून पाणी फिरतं आणि ती तासभरही तरतरीत राहते. होडी थांबवून बसायचं असेल तर पाठीच्या पराजवळ टोचलेलं चालतं, सरकत्या होडीला नाही. वजन जेमतेम, मासळीला खाली ठेवण्यापुरतं. शिशाच्या गोळीऐवजी लोखंडी नट वापरावा असं मी आग्रहाने सांगेन. अमरावती सिंभोऱ्याचं पाणी पिते आणि अकोला महानचं. तुटून तळाशी राहिलेलं शिसं आपल्याच पिण्याच्या पाण्यात राहतं.

आमिषाची मासळी त्याच धरणातली हवी. ही अट मी सगळ्यांत वर ठेवतो. एका पाण्यातली जिवंत मासळी बादलीतून दुसऱ्या पाण्यात नेली की तिच्याबरोबर रोग जातात, परक्या जातींची पिल्लं जातात. १९५२ साली भारतात आणलेली आफ्रिकी तिलापिया, जिला आपल्याकडे चिलापी म्हणतात, आज किती तळ्यांत माजली आहे ते बाजारातल्या टोपल्या पाहूनच कळतं. देशात बंदी असलेल्या थाई मांगूरची भीती त्याहून मोठी. म्हणून तिथल्या तिथे छोट्या जाळ्याने पकडलेली चिलापीची पिल्लं हेच उत्तम आमिष. ती सहजी मरत नाहीत, आणि धरणातून कमी झाली तर हवंच आहे. मच्छीमार सहकारी संस्थेने सोडलेली रोहू-कटल्याची बोटुकली गळाला लावणं मात्र सरळ चोरी आहे. संस्थेने त्या मत्स्यबीजाचे पैसे मोजलेले असतात.

आता गळ सोडायचा कुठे? याचं उत्तर पाण्यात नाही, मे महिन्याच्या कोरड्या जमिनीवर आहे. धरण उतरलं की बुडालेली जुनी नदी, तिच्या दरडी, बाभळींचे खुंट, एखाद्या उठलेल्या गावाचे चौथरे उघडे पडतात. त्या उन्हात एकदा पायी फिरून यावं, फोनच्या नकाशावर खुणा करून ठेवाव्यात. काठाकाठाने गाळपेर झालेली असते. पावसाळ्यात पाणी त्या शेतांवर चढतं, धसकटं कुजतात, त्यांवर किडे आणि बारीक मासळी जमते. मागोमाग शिकारी येतात. हिवाळ्यात पाणी पुन्हा उतरू लागलं की ते जुन्या नदीच्या दरडीला, उथळ आणि खोल यांच्या सीमेवर थांबतात. वाऱ्याच्या वरच्या बाजूला वल्हवत जायचं आणि त्या सीमेवरून तिरकं सरकत यायचं. हिवाळी वारा बहुधा उत्तर-पूर्वेकडून असतो, तेव्हा कुठली दरड कामाची ते घरी बसूनच ठरवता येतं.

तळाशी शिंगाडा भेटतो, दरडीला पडीन, झाडोऱ्याच्या कडेला मरळ. पडीन मीटरहून मोठा होतो, त्याच्या जबड्यात बारीक दातांच्या रांगा असतात, आणि जगभरच्या यादीत तो आता असुरक्षित जातींत मोजला जातो. तो लागला तर सोडून द्यावा असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी आत वळलेल्या टोकाचा गोल गळ घ्यावा. ओढ लागली की झटका द्यायचा नाही, दोर नुसता ताणत न्यायचा. गळ जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, पोटात जात नाही. मोठा मासा कयाकला चक्क ओढून नेतो. नेऊ द्यावं, तो लवकर दमतो.

पाण्यावर जाण्याआधी संस्थेला विचारायचं, काटेपूर्णा अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याला. मेळघाटातल्या नद्यांकडे गळ घेऊन वळायचंच नाही. आणि जीवरक्षक जॅकेट अंगात हवं, होडीत ठेवलेलं नव्हे. १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरुड तालुक्यात झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटून ११ माणसं गेली. ते पाणी सिंभोऱ्याच्याच धरणाकडे येतं.

पावसाळ्यात मात्र दोर गुंडाळून ठेवावा, मरळीसाठी तर नक्कीच. पहिल्या पावसांनंतर ती गवताळ उथळात अंडी घालते. तिची तांबूस-नारिंगी पिल्लं दाट पुंजक्याने फिरतात आणि आईबाप खाली पहारा देतात. मरळ हवा घ्यायला वर येते, त्यामुळे पुंजका शोधणं सोपं असतं. पुंजक्यावर गळ टाकला की पहाऱ्याची मरळ भुकेने नव्हे, रागाने चावते. ती उचलली की मागे राहिलेली शेकडो पिल्लं बगळे, खंड्या आणि चिलापी बघता बघता फस्त करतात. भादवा सरेपर्यंत पिल्लं वाढून पांगतात, आईबाप पुन्हा शिकारीला मोकळे होतात. तोवर धरणही भरलेलं असतं आणि झोडपणारा पश्चिमेचा वारा ओसरू लागलेला असतो.