चुंबकीय दाबाने आवळलेल्या प्लाझ्मा स्तंभातील अस्थिरता

प्रस्तावना

ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हा येथे अणुऊर्जेच्या शांततामय उपयोगाविषयी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. अध्यक्षपदावरून बोलताना डॉ. होमी भाभा यांनी येत्या दोन दशकांत संमीलन ऊर्जा नियंत्रितपणे मुक्त करण्याची पद्धत सापडेल, असे भाकीत केले. ते खरे ठरले नाही. त्याचे एक प्रमुख कारण प्लाझ्माची अस्थिरता हे होय. प्रस्तुत लेखात ‘झेड-पिंच’ या सर्वांत साध्या रचनेच्या आधारे तिचे विवेचन केले आहे.

पिंच परिणाम व त्यातील दोष

एकाच दिशेने धारा वाहणाऱ्या समांतर तारा परस्परांकडे ओढल्या जातात, हे शिरूर-दौंडसारख्या तालुक्यांतील पदवी वर्गांतही शिकविले जाते. प्लाझ्मा स्तंभातून धारा वाहताना हेच घडते. स्तंभ स्वतःच्याच चुंबकीय क्षेत्राने आवळला जातो. १ सेंटिमीटर त्रिज्येच्या स्तंभातून १ लाख अँपिअर धारा गेल्यास पृष्ठभागावर २ टेस्ला क्षेत्र निर्माण होते व सुमारे १६ वातावरणांइतका दाब पडतो.

मात्र हे क्षेत्र त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असते. स्तंभ एखाद्या ठिकाणी आवळून निम्मा झाला, तर तेथील चुंबकीय दाब चौपट होतो. आतील प्लाझ्मा अक्षाच्या दिशेने दोन्ही बाजूंना निसटत असल्याने त्याला पुरेसा विरोध होत नाही आणि गळा अधिकच आवळतो. या प्रकारास ‘सॉसेज’ अस्थिरता म्हणतात. (आपल्याकडे हे नाव फारसे बोधक नाही; नळाच्या बारीक धारेचे थेंब तुटतात, ते दृश्य अधिक जवळचे आहे.) दुसरा प्रकार ‘किंक’. स्तंभ किंचित वाकला की आतल्या बाजूस क्षेत्ररेषा दाटतात, बाहेरील विरळ होतात, आणि बाक वाढत जातो. अतिपीळ दिलेला कासरा जसा वेटोळी घेतो, तसे हे होय.

प्लाझ्मातील हालचालीचा वेग सेकंदाला १०० किलोमीटर धरल्यास १ सेंटिमीटर अंतरास सेकंदाचा एक कोटीवा भाग लागतो. स्तंभाचे आयुष्य साधारण एवढेच.

न्यूट्रॉनांचा चकवा

जानेवारी १९५८ मध्ये इंग्लंडमधील हारवेल येथील ‘झेटा’ यंत्रात संमीलनाचे न्यूट्रॉन मिळाल्याचे जाहीर झाले. मे महिन्यात तो दावा मागे घ्यावा लागला. न्यूट्रॉन खरे होते, पण ते तापलेल्या प्लाझ्माचे नव्हते. अस्थिरतेमुळे वेग मिळालेल्या मोजक्या आयनांचे होते. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात ‘प्लाझ्मा फोकस’ यंत्रे उभारली गेली. तेथे मात्र हीच गोष्ट उपयोगी पडते. ड्यूटेरियम भरलेल्या अशा यंत्रात स्तंभ तुटताना आयनांचा झोत निघतो आणि २.४५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे न्यूट्रॉन मिळतात. न्यूट्रॉनांचा स्रोत म्हणून ते मोलाचे आहे. वीजनिर्मितीचा पुरावा म्हणून नव्हे. हा भेद वृत्तपत्रीय लेखनात अनेकदा पुसला जातो.

स्थैर्याचे मार्ग

अक्षाच्या दिशेने बाहेरून चुंबकीय क्षेत्र दिल्यास क्षेत्ररेषांच्या ताणामुळे स्तंभास ताठपणा येतो. टोकामॅकमध्ये हेच तत्त्व वलयाकार रचनेत वापरलेले असते. गांधीनगरजवळील ‘आदित्य’ १९८९ मध्ये कार्यान्वित झाले. दुसरा मार्ग प्लाझ्माच्या थरांना वेगवेगळ्या वेगाने वाहू देण्याचा. वॉशिंग्टन विद्यापीठातील गटाने २०१९ मध्ये अशा स्तंभातून सुमारे ५ मायक्रोसेकंद न्यूट्रॉन मिळाल्याचे प्रसिद्ध केले. अस्थिरता वाढण्याच्या काळाच्या तुलनेत ही मुदत हजारो पटींनी अधिक आहे. हे न्यूट्रॉन झोताचे नाहीत ना, याची तपासणीही या गटाने केली.