गाडी तीच, पाटी नवी

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातून सुटलेली गाडी पीटरबरो, यॉर्क, न्यूकॅसल करत सुमारे ६३२ किलोमीटरवरच्या एडिंबराला पोचते. या मार्गाला ईस्ट कोस्ट मेन लाइन म्हणतात. १९९६ ते २०१८ या काळात त्यावरच्या मुख्य गाड्या एकामागून एक पाच नावांनी धावल्या. रूळ तेच होते, डबे बहुतेक तेच, गाडीवरची माणसंही बरीचशी तीच.

याचं मूळ खासगीकरणाच्या रचनेत आहे. १९९३ च्या कायद्यानंतर सरकारी ब्रिटिश रेलचे तुकडे झाले. रूळ, सिग्नल आणि स्थानकांची मालकी रेलट्रॅककडे गेली, २००२ पासून ती नेटवर्क रेलकडे आहे. इंजिनं आणि डबे भाड्याने देणाऱ्या तीन वेगळ्या कंपन्या निघाल्या. गाड्या चालवण्याचा मक्ता बोली लावून काही वर्षांपुरता मिळे, आणि तो बदलला की कर्मचारी नव्या मक्तेदाराकडे वर्ग होत. मग मक्तेदाराचं स्वतःचं असं काय उरलं? नाव, रंग, गणवेश आणि प्रवाशाशी वागण्याची रीत. डब्यांच्या रंगाला तिथे इतकं महत्त्व आलं ते यामुळे.

पहिल्या मक्तेदाराने, ग्रेट नॉर्थ ईस्टर्न रेल्वे म्हणजे जीएनईआरने, हे ओळखलं होतं. तिची मालक कंपनी सी कंटेनर्स. त्या कंपनीच्या जेम्स शेरवुड यांनी १९८२ मध्ये व्हेनिस सिम्प्लॉन ओरिएंट एक्सप्रेस सुरू केली होती, त्यामुळे आगगाडीला रुबाब कसा द्यायचा हे त्यांना ठाऊक होतं. गर्द निळे डबे, कडेने सलग लाल पट्टा, सोनेरी अक्षरं, आणि हा ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ या नामांकित गाडीचा मार्ग असल्याची अभिमानाने केलेली नोंद. खासगीकरणानंतरच्या ब्रिटनमध्ये याहून देखणी गाडी झाली नाही असं मी ठामपणे म्हणेन. १७ ऑक्टोबर २००० रोजी हॅटफिल्डजवळ झिजून भेगाळलेला रूळ फुटला, गाडी घसरली, ४ प्रवासी गेले. रुळांची देखभाल जीएनईआरकडे नव्हती, पण जगाने छायाचित्रांत पाहिले ते तिचे निळे डबे. दुसऱ्याच्या चुकीचा भारही अशा वेळी नावालाच वाहावा लागतो.

जीएनईआर संपली ती पैशापायी. २००५ मध्ये तिने १० वर्षांत सरकारला १.३ अब्ज पौंड देण्याची बोली लावून मक्ता राखला, पण पुढच्याच वर्षी सी कंटेनर्स दिवाळखोरीत गेली. डिसेंबर २००७ मध्ये आलेल्या नॅशनल एक्सप्रेसने १.४ अब्जांचा शब्द दिला, मंदी आली, आणि नोव्हेंबर २००९ मध्ये सरकारलाच गाड्या हाती घ्याव्या लागल्या. घाईच्या त्या काळात कित्येक डब्यांवर जीएनईआरचा निळा रंग, त्यावर नॅशनल एक्सप्रेसचा पांढरा पट्टा आणि त्या पट्ट्यावर ‘ईस्ट कोस्ट’ हे नवं सरकारी नाव असं तिन्ही एकत्र दिसे. २०१५ मध्ये व्हर्जिनचा लाल रंग आला. त्या कंपनीत व्हर्जिनचा वाटा १० टक्के होता, उरलेले ९० टक्के स्टेजकोचचे. तीन वर्षांत तीही बाजूला झाली.

जून २०१८ मध्ये सरकारने गाड्या पुन्हा ताब्यात घेतल्या आणि नाव निवडलं एलएनईआर. १९२३ ते १९४७ या काळातल्या लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेचं हे नाव. १९३८ मध्ये ‘मॅलार्ड’ या वाफेच्या इंजिनाने ताशी २०३ किलोमीटर गाठले ते याच कंपनीच्या काळात. निवड अचूक होती, कारण ते नाव कुठल्या मक्तेदाराचं राहिलं नव्हतं, त्या मार्गाचं झालं होतं. हिताचीच्या नव्या गाड्यांना ‘अझुमा’ हे नाव व्हर्जिनने दिलं होतं. एलएनईआरने ते राखलं, आणि २०१९ मध्ये त्या धावू लागल्या.

स्कॉटलंडने मात्र शहाणपण आधीच दाखवलं. ‘स्कॉटरेल’ हे नाव १९८३ पासूनचं, ब्रिटिश रेलच्या दिवसांतलं. २००८ मध्ये तिथल्या सरकारने ठरवलं, की मक्तेदार कुणीही असो, गाड्यांचा रंग एकच राहील: निळा, आणि डब्यांच्या टोकाला स्कॉटलंडच्या ध्वजावरची पांढरी फुली. तेव्हा गाड्या फर्स्ट कंपनी चालवत होती. २०१५ मध्ये डच कंपनी अबेलिओ आली, १ एप्रिल २०२२ रोजी गाड्या सरकारी झाल्या. दोन्ही वेळा निळा रंग हलला नाही. ग्लासगोच्या फलाटावर उभ्या माणसाला आपली गाडी ओळखायला कंपन्यांच्या बातम्या वाचाव्या लागल्या नाहीत. करदात्याच्या पैशाने चालणाऱ्या सेवेकडून एवढी मागणी रास्तच आहे.

आता २०२४ च्या कायद्याने मक्ते संपतील तशा प्रवासी गाड्या सरकारकडे परतत आहेत, आणि ‘ग्रेट ब्रिटिश रेल्वेज’ हे एकच नाव सर्वांवर आणण्याचा बेत आहे. सोबतीला ब्रिटिश रेलसाठी जेराल्ड बार्नी यांनी रेखलेलं, १९६५ मधलं दुहेरी बाणाचं चिन्ह आहे. खासगीकरणाच्या साऱ्या काळात स्थानकांच्या पाट्यांवर आणि तिकिटांवर ते टिकून राहिलं. बाण जरूर यावा, पण यॉर्क आणि न्यूकॅसलच्या लोकांकडून एलएनईआर हे नाव काढून घेऊ नये.